दहा बोटं, दहा पिशव्या

शाईच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये! आम्हा जावा बेटावरच्या लोकांचं भाताशिवाय पान हलत नाही. त्यामुळे भाव भडकले की सरकार गोदाम उघडतं आणि बाजारात स्वस्त तांदूळ विकतं. माणशी एकच पिशवी. ती घेतली की बोटाला जांभळी शाई, म्हणजे परत रांगेत यायची सोय नाही. ही शाई लावणारा माणूस म्हणजे मी, पुर्वोतो!

पण या खेपेला तांदूळ भराभर संपायला लागला. रांगेत चेहरे तेच, बोटं मात्र स्वच्छ!

"शाई कशाने तरी निघतेय," साहेब म्हणाले.

"उद्यापर्यंत शोधून काढतो, साहेब!" मी छाती ठोकून सांगितलं.

घरी येऊन दहाही बोटं शाईत बुडवली. मग एका बोटाला लिंबू, दुसऱ्याला खोबरेल, तिसऱ्याला चिंच, चौथ्याला टूथपेस्ट... पपईचा चीकसुद्धा सोडला नाही. डाग ढिम्म हलेना! माझी शाई एकदम पक्की, मला कोण आनंद झाला!

"अहो संशोधक," बायको लास्त्री म्हणाली, "उद्या माझे बाबा जेवायला येतायत. डब्यात एका वेळेपुरताच तांदूळ आहे. येताना आपली पिशवी आणा. दुकानातला भाव परवडायचा नाही."

"आणली समज!"

सकाळी टेबलाशी बसून शाईची बाटली उघडली, तोच रांगेतली तुमिनाकाकू किंचाळली, "अगं बाई, हात बघा याचे! दहा बोटं, दहा पिशव्या! आम्हाला एक आणि याला दहा!"

"काकू, प्रयोग केलाय हो मी!"

"असला प्रयोग आम्हालाही करू दे की!" मागून कोणीतरी ओरडलं.

गलका ऐकून साहेब धावत आले. "पुर्वोतो, तुला आज पिशवी नाही. रंगलेल्या बोटाला तांदूळ नाही, नियम म्हणजे नियम!"

"पण मी एकही घेतली नाही, साहेब!"

"मग शाई पुसून दाखव!"

काय पुसणार, कपाळ? ती निघत नाही हे मीच तर सिद्ध केलं होतं.

हात हलवत घरी आलो. दारातच लास्त्री, चेहरा नुसता फुललेला! "तुमिनाकाकू सांगून गेल्या, दहा पिशव्या मिळाल्या म्हणे! शेजारी पाहुणे आलेत, डब्यातला तांदूळ त्यांना देऊन टाकला. पिशव्या कुठायत?"

मी दोन्ही हात पुढे केले. तिचा चेहरा बघवेना. आयुष्यात पहिल्यांदा सासरे जेवायला आले आणि पानात उकडलेली रताळी!

रताळं सोलता सोलता सासऱ्यांचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. "शाई होय? तांदळाच्या धुवणात बोटं बुडवा, साफ निघते. आमच्या गावात सगळे तेच करतात. पहिली पिशवी घरी नेली, तांदूळ धुतला, की बोट स्वच्छ! चालले दुसरीला!"

मी ताडकन उठलो. "लास्त्री! धुवण आण, धुवण!"

"आणते की," लास्त्री म्हणाली. "आधी तांदूळ आणा!"