गेटबाहेरचं अर्धं मिनिट

गायकवाडबाई दिवसातून पाच वेळा शाळा सोडून जात.

तासाची घंटा झाली की त्या खडू डबीत टाकत, पदर खांद्यावर घट्ट ओढून घेत, भर उन्हात पटांगण ओलांडत, रामरतन चपराशाला गेट उघडायला लावत आणि थेट उज्जैनच्या फ्रीगंज पेठेतल्या रस्त्यावर जाऊन उभ्या राहत. तांगे, सायकली आणि केळ्यांची हातगाडी यांच्या मधोमध डोळे मिटत. अर्धं मिनिट. मग ओठ न हलवता केलेली ती प्रार्थना संपवून परत पटांगण, परत पायऱ्या, आणि पुढचा वर्ग. वय पंचावन्नच्या पुढे, गुडघे दुखरे. पाच तास शिकवायचे म्हणून पाच फेऱ्या.

सुरुवातीला तांगेवाले विचारत, ‘बैठो बाईजी, टेसन?’ आठवड्याभरात त्यांना सगळं कळलं. एक म्हातारा तांगेवाला दुसऱ्याला दटावताना मी स्वतः ऐकला आहे : ‘घोड़ा पीछे ले रे. दिखता नहीं, बाई की अर्जी लगी है?’

मी त्या वर्षी शाळेत नवीन लागले होते. माझं शिक्षण इंदूरच्या कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, त्यामुळे मला इंग्रजी दिलं होतं. गायकवाडबाईंच्या शेजारचा वर्ग माझा. मी फारसं बोलत नसे. बोलण्याची गरजही नव्हती, कारण बाईंचा आवाज भिंतीतून माझ्याच वर्गात जास्त ऐकू यायचा. त्या भूगोल शिकवत. मूळच्या नगरकडच्या, दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती. वीस-बावीस वर्षं उज्जैनमध्ये काढूनही त्यांच्या मराठीला हिंदीचा वारा लागला नव्हता. आम्ही उज्जैनवाले ‘मी बाजारात चालली गेली’ म्हटलं की त्या कान धरत. हिंदी मात्र त्या अशी बोलत की वर्ग आपोआप गप्प होई. ‘लड़की लोग, गप बैठो, नहीं तो बाहर हाकलूंगी!’

त्यांचा सगळा भरवसा कागदावर. उद्या स्नानाची सुट्टी आहे असं कुणी म्हणालं की त्या विचारत, ‘कागद दाखवा.’ पगारवाढ होणार म्हणे. ‘कागद दाखवा.’ एकदा मी त्यांना सांगितलं, की कॉन्व्हेंटमध्ये आम्ही सगळ्या हिंदू मुली रोज सकाळी येशूची प्रार्थना म्हणायचो. मला वाटलं, त्या खूश होतील.

‘इंग्रजीत?’

‘हो.’

‘अर्थ कळायचा?’

‘तेव्हा नाही कळायचा.’

‘म्हणूनच कुणी हरकत घेतली नाही,’ त्या म्हणाल्या आणि डबा उघडून भाकरी मोडायला लागल्या.

तर तो कागदच त्यांच्या मुळावर आला. मध्यभारत जाऊन नुकता मध्यप्रदेश झाला होता. राज्य नवं, शिक्के नवे, परिपत्रकं रोज नवी. काही तर जुन्या राज्याच्या नावावर शाईची रेघ ओढून आलेली. त्यातल्या एकात लिहिलं होतं, की सरकारी शाळेच्या आवारात कोणत्याही धर्माची शिकवण किंवा उपासना होऊ नये. आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंनी, तो कागद फक्त गायकवाडबाईंपुढे ठेवला. कारण तोवर बाई प्रत्येक तासाआधी वर्गातच, टेबलापाशी उभ्या राहून डोळे मिटत.

गायकवाडबाईंनी परिपत्रक दोनदा वाचलं. सही केली. ‘आवारात नको. बरं,’ म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून गेटबाहेर.

‘अहो, घरूनच आटपून येत जा की एकदाचं!’ मोठ्या बाई वैतागल्या.

‘घरची घरी करतेच. ही वर्गाची आहे.’

खरी पंचाईत पुढेच होती. शाळेत सकाळची सरस्वतीची प्रार्थना व्हायची, आणि तिला पेटी वाजवायच्या गायकवाडबाई. शाळेत दुसऱ्या कुणाला पेटी येतच नव्हती. त्या सकाळी मुली रांगेत उभ्या, पेटी स्टुलावर, आणि बाई शांतपणे मुलींच्या मागे उभ्या.

‘गायकवाडबाई, पेटी!’

‘कागदात कोणत्याही धर्माची म्हटलंय. माझ्या एकटीच्या थोडीच?’

‘अहो, हा तर शाळेचा रिवाज आहे!’

‘माझी काही ना नाही. पेटी गेटबाहेर घ्या, तिथे वाजवते. मुलींना पाठवा.’

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरंच तयार होत्या त्या. पण तीनशे मुली भर रस्त्यावर उभ्या करून गाणं म्हणवायचं कसं? त्या दिवशी प्रार्थना पेटीशिवाय झाली. तीन रांगा तीन सुरांत गेल्या. सातवीच्या मुलींनी शेवटचं कडवं संपवलं तेव्हा पाचवीच्या अजून मधल्यावर होत्या.

मोठ्या बाईंनी त्याच दुपारी वर तक्रार लिहिली. शाळेच्या वेळेत बाहेर जातात, सहकार्य करत नाहीत, बदली व्हावी. बदली म्हणजे कुठल्याशा तहसिलीच्या गावी, जिथे बाईंच्या ओळखीचं माणूस नाही, की रविवारी जायला चर्च नाही. पेन्शनला दोन-तीन वर्षं उरलेली.

इन्स्पेक्टर तपासणीला आले त्या दिवशी मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, ‘कर्णिक, तुझा वर्ग शेजारी. साहेबांनी विचारलं तर एवढंच म्हणायचं, बाई बाहेर जातात तेव्हा वर्गात गोंधळ होतो.’ मी मान हलवली. मी नेहमी मानच हलवायची.

तिसऱ्या तासाला गायकवाडबाई गेटपाशी गेल्या. गेटला कुलूप.

‘ऊपर से हुकुम है, बाईजी,’ रामरतन म्हणाला.

‘कागद दिखाओ.’

‘कागज नहीं है, बाईजी. ताला है.’

बाई कुलपाकडे बघत राहिल्या. मग परत आल्या आणि सातवीच्या वर्गाच्या उंबरठ्याबाहेर थांबल्या. आत चाळीस मुली, मागच्या बाकापाशी खुर्चीवर इन्स्पेक्टर.

‘अंदर आइए.’

‘नहीं आ सकती, साहब.’

‘देखिए, साहब!’ मोठ्या बाई धावत आल्या. ‘यही मैंने लिखा था. बाजूवाली मैडम से पूछिए.’

मला वर्गातून बोलावलं. सगळे माझ्याकडे बघत होते. इन्स्पेक्टरांनी विचारलं, की या बाहेर जातात तेव्हा वर्गात काय होतं? मी म्हणाले, ‘कुछ नहीं होता. लड़कियाँ चुप बैठती हैं.’ एवढं एकच वाक्य, पण माझं मलाच ते फार मोठ्यानं ऐकू आलं. मोठ्या बाईंच्या तोंडाकडे मी बघितलं नाही.

इन्स्पेक्टर उठून दाराशी आले. ‘तो फिर अंदर आने में क्या दिक्कत है?’

गायकवाडबाईंनी आधी मुलींकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या नकाशाकडे.

‘साहब, मेरा हाथ खराब है.’

‘दर्द है?’

‘नहीं. उठता है.’

कुणालाच काही समजलं नाही. बाई त्यांच्या त्या मोडक्या हिंदीत सांगू लागल्या. बारा वर्षांपूर्वी याच वर्गात कमल नावाची मुलगी होती. तिनं नकाशात उत्तरेकडे वाहणारी शिप्रा नदी दक्षिणेकडे वाहती काढली. तीनदा सांगूनही तशीच काढली. ‘मैं मारी. कान पे. बहुत जोर से. उसका डावा कान गया, साहब. फिर बाप ने शाळा छुड़ाई.’

बाईंनी उजवा हात पदराखाली घेतला.

‘तब से हर वर्ग के पहले बोलती हूँ, प्रभु, मेरा हाथ पकड़. पैंतालीस मिनिट पकड़. फिर छोड़ दे, चलेगा. आज ताला है. हाथ किसी ने पकड़ा नहीं. तो अंदर कैसे आऊँ? बदली करना है तो करो.’

इन्स्पेक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘चाबी लाइए,’ ते मोठ्या बाईंना म्हणाले. किल्ली मोठ्या बाईंच्याच कमरेला होती. गेट उघडलं. आम्ही सगळे व्हरांड्यात उभे असताना बाई बाहेर गेल्या, डोळे मिटून उभ्या राहिल्या, आणि परत येऊन त्यांनी मान्सूनचे वारे शिकवले.

शेरेबुकात इन्स्पेक्टरांनी लिहिलं, की शिक्षिकेनं वर्गातच उभं राहून डोळे मिटायला हरकत नाही, त्यानं वेळ वाचेल. बदलीची तक्रार निकाली. पेटीबद्दल त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या बाईंनी ती स्वतः पुसून स्टुलावर ठेवली. गायकवाडबाई येऊन बसल्या आणि पाचवीला म्हणाल्या, ‘इतके दिवस कुठे भरकटला होतात गं?’

पुढे बऱ्याच दिवसांनी, मधल्या सुट्टीत आम्ही दोघीच होतो तेव्हा मी धीर करून विचारलं, ‘बाई, कमल कुठे असते आता?’

‘देवासला. दोन मुलं आहेत तिला. दर दिवाळीला जाते मी.’

‘ती बोलते तुमच्याशी?’

‘पहिली दोन वर्षं नाही बोलली. मी जात राहिले.’ त्यांनी डब्याचं झाकण लावलं. ‘आता फराळ देते. मी तिच्या उजव्या बाजूला बसते. त्या बाजूनं तिला नीट ऐकू येतं.’