कासवाची होडी

"तांडेलाला कासव राखायला बसवलंय," दादू पुटपुटला. तेही इतकं हळू, की चुलीशी बसलेल्या सुनेलाच तेवढं ऐकू जावं.

हिराने भाकरी उलटली आणि ऐकलंच नाही असं केलं. नारळी पुनवेपासून तिचं हेच काम झालं होतं. सासऱ्याने चाळीस वर्षं तांडेल म्हणून सातपाटीहून बोट हाकली होती. यंदा बोटीला इंजिन बसलं आणि नेमका यंदाच त्याला दारातला माणूस आवाजावरून ओळखावा लागू लागला. ते त्याला कुणी बोलून दाखवलं नाही. मुलगा भगवंत बापाला बोटीवर न नेण्यासाठी दर फेरीला नवं कारण सांगे: जाळं फाटलंय, खलाशी जास्त झालेत. कारणं संपली तेव्हा त्याने वेरावळकडून एक कासव आणलं. जमिनीवरचं, अर्ध्या नारळाएवढं.

"बाबा, याला घरात फळ्यांची जागा करा. ती झाली की पुढच्या फेरीला सुकाणू तुमीच धरा," असं तो बोलून बसला.

सुतार शोधण्यातच हंगाम जाईल, असा त्याचा हिशेब. तारापूरला मोठं बांधकाम निघाल्यापासून गावात सुतार औषधालाही उरला नव्हता. पण दादू सुतारासाठी थांबला नाही.

आता त्याला बांधता येत होती एकच गोष्ट. माजघरात आधी होडीची नाळ उभी राहिली, मग फासळ्या. फळ्यांसाठी जुना पलंग गेला, दोन पाट गेले, शेवटी हिराच्या तांदळाच्या पेटीचं झाकण गेलं. फटींत कापूस ठासून वर राळ लावली, तेव्हा त्या वासाने मांजर शेजारी राहायला गेलं. हंडा घेऊन हिराला दारातून तिरकं शिरावं लागे. डोळ्यांवाचून दादूचं काही अडलं नाही. सगळं बोटांनी चाललं होतं. मग त्याने होडीत चार हंडे पाणी ओतलं. थेंब गळला नाही.

"बाबा, हे जमिनीवरचं हाय," हिरा म्हणाली.

"पाठीवर ढाल हाय म्हंजे पाण्यातलंच," दादू म्हणाला आणि कोपऱ्यात चाचपून त्याने कासव उचललं, पाण्यात सोडलं.

ते कासव नव्हतं. पाणी घ्यायची करवंटी होती, पालथी पडलेली. कासव चुलीमागे भोपळ्याचं पान खात होतं.

करवंटी तरंगली. "बघ कसा पोहतोय," दादू म्हणाला.

हिराने तोंड उघडलं. एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य करवंटीपाशी थांबलं नसतं.

"छान पोहतंय, बाबा."

झालं. आता करवंटीला दोन वेळा पाला घालणं आलं आणि तो खाल्ला गेलाय असं वाटावं म्हणून अर्धा काढून घेणंही आलं. खरं कासव टोपलीखाली गेलं. भगवंत समुद्रावरून आला, त्याने होडीत पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि कासव बाळसं धरतंय असं म्हणाला. शेजारची रत्नाबाई "अगो, ही तर..." एवढंच बोलली, हिराने तिच्या हातात सुक्या बोंबलांची मूठ कोंबली. चौथ्या दिवशी अख्खी आळी कासव बघायला येऊ लागली. जो तो करवंटीचं कौतुक करी आणि बोंबील घेऊन जाई.

पाचव्या दिवशी बोट निघायची होती. दादू सकाळीच गाठोडं बांधून दारात बसला.

"आज वारा नाय, बाबा," भगवंत म्हणाला.

"इंजिनाला वारा कशाला?"

भगवंतने हिराकडे पाहिलं. हिराने तव्याकडे पाहिलं. टोपलीकडे मात्र कुणी पाहिलं नाही. ती केव्हाच सरकली होती आणि कासव सावकाश चालत दादूच्या पायावर येऊन आदळलं. दादूने ते उचललं, बोटांनी पाठ चाचपली, मांडीवर ठेवलं.

"हा इथं हाय. मग पाण्यात कोन?"

"दुसरं आणलं, बाबा," भगवंत घाईने म्हणाला. "जोडी झाली."

"करवंटी हाय ती," दादू म्हणाला. "पयल्या दिशी चुकलो. दुसऱ्या दिशी हात लावला तवा कळलं. म्हटलं, घरातलं एक तरी मानूस बोलंल. तुमी तिला पाला घालीत बसलात."

त्याने गाठोड्याची गाठ सोडायला घेतली.

"मला दिसत नाय, भगवंता. बोट खडकावर घालीन मी."