गळका नळ हवाय

श्रीकृष्णराव मोखाड्याहून घरी आले, तेव्हा मोरीतला नळ गळत नव्हता. ते मटकन खाली बसले.

"कुणी दुरुस्त केला?"

"देवानंदनं. तुम्हाला सांगून सांगून माझी जीभ झिजली," प्रमिलाताई म्हणाल्या. "बघा, थेंब नाही."

तीच तर पंचाईत होती. त्यांची म्हातारी मांजर, ठकी, वाळत चालली होती. जव्हारच्या गुरांच्या डॉक्टरांनी रक्त नाशिकला पाठवून निदान केलं होतं, की हिची मूत्रपिंडं थकलीत. ती नव्यानं यायची नाहीत. पण खारी सुकट बंद केली आणि पोटात भरपूर पाणी गेलं, तर अजून बरेच दिवस काढील. सुकट बंद झाली. पाण्याचं मात्र बाईसाहेबांचं तंत्र वेगळं होतं. वाटीतलं पाणी हुंगायच्याही नाहीत, गळक्या नळाखाली मान वाकडी करून चाटत बसायच्या. श्रीकृष्णरावांनी हे बायकोला सांगितलं नव्हतं. त्यांच्या आळसाला आयुष्यात पहिल्यांदाच वैद्यकीय आधार मिळाला होता.

ठकी नळाखाली बसून वर पाहत राहिली. श्रीकृष्णरावांनी नळ किंचित सोडला, तर भसकन धार आली आणि ठकी भिजून कपाटाखाली गेली. मग त्यांनी घरभर पाण्याच्या वाट्या मांडल्या. त्यातल्या एकीत प्रमिलाताईंचा पाय पडला. शेवटी देवानंदला बोलावणं गेलं.

"हा नळ जरा गळता करून दे."

देवानंद पान्हा धरून बघतच राहिला. त्यानं बसवलेला नळ आठवड्यात गळतो, अशी त्याची गावभर ख्याती होती.

"काका, माझ्या हातचं एकच काम टिकलंय, ते पण मोडायला सांगता?"

"अरे, ठकी जाईल माझी."

तो विरघळला. त्यानं नळ खोलला, आवळला, पुन्हा खोलला. नळ एकतर धो धो वाहायचा, नाहीतर कोरडा ठाक.

"मुद्दाम कधी केलं नाय ना, काका," तो खजील होऊन म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

श्रीकृष्णरावांचं अवसान गळालं. त्यांनी बायकोला सगळं सांगून टाकलं. प्रमिलाताईंनी एवढंच विचारलं, "आणि हे मला आत्ता सांगताय?"

सकाळी ते उठले, तर प्रमिलाताई मोरीत पाटावर बसून तांब्यातून सुतासारखी धार सोडत होत्या, आणि ठकी मान वाकडी करून पीत होती. श्रीकृष्णरावांचे डोळे भरून आले.

"द्या, मी धरतो."

"नको. तुमची धार जाड पडेल. तुम्ही चहा टाका. आणि भाजीही चिरून ठेवा, हिचं काही लवकर आटपत नाही."