दोन पावलं मागे

सकाळची पहिली दाढी व्हायच्या आतच सलूनवाल्याच्या पोटरीवर दोन ताजे ओरखडे उमटले होते. सलून घराच्या पुढच्या अंगाला, न्हाणीघर परसाच्या टोकाला, आणि मधल्या वाटेवर थोरला कोंबडा. सहा महिन्यांपूर्वी याच पठ्ठ्याला त्याने सलूनच्या दिव्याखाली, खोक्यात टॉवेल घालून उबवलं होतं. आता तो मानेची पिसं फुलवून, दोन्ही पाय पुढे करून थेट अंगावर येत होता. धाकटे दोघे अजून बघून शिकत होते, एवढंच.

"अहो, उद्या आई येतेय," बायको पत्र्याचं झाकण ढालीसारखं धरून दारात उभी होती. "गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना नाही झाला. वॉकर घेऊन याच वाटेनं जायचंय तिला. ती पडली म्हणजे?"

"नाही पडणार."

"मी चिकनवाल्याला सांगून ठेवलंय. उद्या कटिंगला येईल, जाताना तिघांना घेऊन जाईल."

चिकनवाला आडदांड माणूस, शिवाय कायमचं गिऱ्हाईक. त्याला नाही म्हणायची सलूनवाल्याची काय छाती! बायकोला नाही म्हणणं तर त्याहून अवघड. त्याने दुपारी सलून बंद केलं आणि जनावरांच्या डॉक्टरांचा दवाखाना गाठला.

"पळायचं नाही आणि मारायचंही नाही," डॉक्टर म्हणाले. "अंगावर आला की उचलायचा, काखेत धरायचा आणि मान खाली घालेपर्यंत सोडायचा नाही. मात्र सोडल्यावर मागे सरायचं नाही हं! तुम्ही मागे सरलात की तो जिंकला. मग पुन्हा पहिल्यापासून."

हे काही अवघड नव्हतं. सलूनवाल्याने थोरल्याला काखेत धरलं. वीस मिनिटांनी त्याने मान खाली घातली. याने त्याला अलगद जमिनीवर ठेवलं, आणि दोन पावलं मागे सरकून, मान तिरकी करून, काम नीट झालंय का ते पाहिलं. बावीस वर्षं प्रत्येक डोक्याकडे तो असाच पाहत आला होता. थोरल्याने झडप घातली.

"मागे कशाला सरता?" बायको खिडकीतून ओरडली.

"मी कुठे सरतोय?"

"आत्ता सरलात की!"

दुसऱ्या वेळी तेच झालं, तिसऱ्या वेळीही तेच. चौथ्या वेळी तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला, तर पाय आडवे सरकले. थोरल्याला एव्हाना सगळं पाठ झालं होतं. काखेत गेलं की लगेच मान टाकायची, सुटलं की टोचायचं. अंधार पडायच्या सुमाराला सलूनवाल्याने पोटऱ्यांना मलम लावलं. आपल्या तळहातावर पहिल्यांदा चिवचिवलेलं पिल्लू उद्या आपल्याच पायांपायी जाणार, या विचाराने त्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. पाठोपाठ चिकनवाला रिकामा पिंजरा घेऊन आला, तो दाराशी ठेवून खुर्चीत बसला. सलूनवाल्याने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. उजवी बाजू कशीबशी झाली, तोच मागून हाक आली.

"जावईबापू! धावा!"

कंगवा हातात तसाच ठेवून तो धावला. सासूबाई बरोब्बर वाटेच्या मध्यावर, वॉकर घट्ट धरून उभ्या होत्या आणि समोर थोरला फुलून बसला होता. सलूनवाला मध्ये घुसला. थोरला त्याच्या हातावर आदळला, याने त्याला काखेत दाबलं. लगेच मान खाली गेली. याने त्याला जमिनीवर ठेवलं आणि डावी टाच उचलली.

"अहो, माझा पाय!" सासूबाई किंचाळल्या.

टाच हवेतच राहिली. मागे सासूबाईंचा नवा गुडघा, पुढे थोरला. मग त्याने ती टाच आयुष्यात पहिल्यांदाच पुढे टाकली. थोरला बघतच राहिला. त्याने एकदा धाकट्यांकडे पाहिलं, एकदा याच्याकडे, आणि काही सांडलेलं शोधत असल्यासारखा तो जमीन उकरत बाजूला निघून गेला. धाकटे दोघे मुकाट्याने त्याच्या मागे गेले.

बायकोने हातातलं झाकण खाली ठेवलं. "पिंजरा रिकामाच न्यायला सांगा त्यांना," ती हळूच म्हणाली. सलूनवाल्याचे डोळे भरून आले.

तो छाती काढून सलूनमध्ये परतला. "कोंबडे द्यायचे नाहीत," त्याने चिकनवाल्याला तोंडावर सांगितलं. मग डावी बाजू त्याने एका जागी घट्ट उभं राहून कापली. एक पाऊलही मागे घेतलं नाही.

चिकनवाल्याने आरशात पाहिलं. उजवीकडे केस कानाच्या वर, डावीकडे पार कानाच्या खाली. "हे काय केलंस रे? मागे सरकून बघितलंस तरी का?"

"आजपासून मी मागे सरत नाही."

चिकनवाला उठला. गळ्याभोवतीचं कापड फुललं, चेहरा तुऱ्यासारखा लाल झाला, आणि तो एकेक पाऊल पुढे येऊ लागला.

सलूनवाला दोन पावलं मागे सरकला. मान आपोआप तिरकी झाली.

"हां, आता दिसलं," तो म्हणाला. "डावीकडे जरा जास्त राहिलंय. बसा. मान खाली घ्या."

चिकनवाला बसला आणि त्याने मान खाली घातली.