वरची काच, खालची काच

सगळं सुरू झालं ते एका खुंटीपासून. हेडक्लार्कांनी स्वतःच्या हातांनी ठोकलेली ती खुंटी. सासरेबुवांनी आल्या आल्या तिच्यावर कोट अडकवला, आणि कोट, खुंटी आणि थोडीशी भिंत असा सगळा ऐवज एकदमच खाली आला. सासरे मुळीच रागावले नाहीत. त्यांनी कोटावरचा चुना झटकला आणि मोठ्या मायेने म्हणाले, "जाऊ द्या जावईबापू. तुमचे हात सह्या करायचे. त्यांना कशाला त्रास देता?"

रागावले असते तर परवडलं असतं. ही माया मात्र हेडक्लार्कांना भारी झोंबली. (लग्नापासून सासऱ्यांनी त्यांच्यावर मायाच केली होती, कौतुक एकदाही नाही.) जेवताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, पुढच्या वेळी याल ना, तेव्हा मी घरी बनवलेल्या दुर्बिणीतून तुम्हाला चंद्रावरचे खड्डे दाखवीन!"

"भिंतीतले दाखवून झाले वाटतं," बायको म्हणाली.

झालं! आता माघार नव्हती. हेडक्लार्कांनी वाचनालयातून दुर्बिणींच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि ऑफिसात फायलीखाली ठेवून वाचून काढलं. जुन्या काळच्या भिंगाच्या दुर्बिणी म्हणे इतक्या लांब असत की त्यांना नळीच नसे. पुढचं भिंग उंच खांबावर टांगायचं आणि मागचं हातात धरून दोरीने नेम साधायचा. हेडक्लार्क त्याच प्रकारावर भाळले होते. पण त्यासाठी गच्चीवरची कपड्यांची दोरी लागणार असं कळताच बायकोने तो प्रकार जागच्या जागी बाद केला. मग उरली आरशाची दुर्बीण.

आरसा करायची रीत तशी सोपी. दोन गोल जाड काचा घ्यायच्या, मध्ये ओली खरखरीत पूड घालायची आणि वरची काच खालचीवर घासत राहायची. घासून घासून वरची काच मधे खोलगट होते, खालची फुगीर होते. वरची, खोलगट झालेली, तो दुर्बिणीचा आरसा. अशी ही सगळी विद्या. फक्त घासताना सगळ्या बाजू सारख्या झिजाव्यात म्हणून काचांभोवती गोल गोल फिरायचं असतं. तेव्हा बाहेरच्या खोलीत मधोमध एक पिंप उपडं घातलं गेलं, आणि ऑफिसातून आले की हेडक्लार्क त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालू लागले. खालच्या मजल्यावरची शेजारीण येऊन विचारून गेली, "गिरणी टाकलीत का हो?"

पुस्तकात आणखी एक हकिकत होती. पूर्वीचा एक मोठा ज्योतिर्विद आरसा घासताना तासन्‌तास हात उचलत नसे, आणि त्याची बहीण त्याला घास भरवत असे. हेडक्लार्कांनी लगेच आपल्या बहिणीला फोन लावला. तिने तो लगेच ठेवला. मग ती जबाबदारी अर्थातच बायकोवर आली.

"अगं, विज्ञानासाठी एवढं करायचं."

"आ करा," असं म्हणून बायकोने अख्खं केळं तोंडात कोंबलं. त्यात भरवणंही झालं आणि व्याख्यानही थांबलं.

काचा धुणं हेही मदतनिसाचंच काम, असं हेडक्लार्कांनी जाहीर केलं. जाड पुडीचा एक कण राहिला तरी आरशावर ओरखडा! बायकोने मान डोलावली आणि रोज काचा लख्ख धुऊन पिंपावर एकावर एक ठेवायला सुरुवात केली. आरशाच्या पाठीवर हेडक्लार्कांनी खूण म्हणून चिकटवलेला कागद तिने पहिल्याच दिवशी गरम पाण्यात भिजवून खरवडून काढला. (बरणीवरचं लेबल न काढणाऱ्या बायका वेगळ्या.) हेडक्लार्कांनी ते मनावर घेतलं नाही. वरची काच ती वरची काच, त्याला खूण कशाला हवी?

अशा घासण्यात कितीतरी महिने गेले. अखेर काच चकचकीत झाली, आरसेवाल्याकडून तिच्यावर मुलामा चढवून आणला. बायकोने त्यात डोकावून केस सारखे केले.

"चेहरा केवढा दिसतो?" हेडक्लार्कांनी उत्सुकतेने विचारलं.

"आहे तेवढाच."

"खोलगट आरशात मोठा दिसतो. तुझी नजरच शास्त्रीय नाही!" पुस्तकात आरसा तपासून घ्यायच्या दोन-तीन रीती दिल्या होत्या. पण त्या संशयी लोकांसाठी, असं म्हणून हेडक्लार्कांनी ती पानं तशीच उलटली होती.

आरसा नळीच्या तळाशी बसला, दुर्बीण तयार झाली आणि सासरे आले. संध्याकाळी चहा झाल्यावर सगळे गच्चीवर गेले. चंद्र वेळेवर हजर होता. हेडक्लार्कांनी दुर्बीण रोखली, छाती फुगवली आणि म्हणाले, "बघा बाबा!"

सासऱ्यांनी एक डोळा मिटला. बराच वेळ बघितलं. "सगळं पांढुरकं दिसतंय. ढग असेल."

आकाशात औषधालाही ढग नव्हता. हेडक्लार्कांना घाम फुटला. त्यांनी नळी हलवली, स्क्रू पिळले, शेवटी डोळ्याजवळचं भिंगच उपसून काढलं. "आता बघा."

"हां! आता दिसलं!" सासरे आनंदाने म्हणाले. "डोळा आहे. म्हाताऱ्या माणसाचा. जरा लालसर झालाय... अहो, हा तर माझाच!"

हेडक्लार्कांनी स्वतः नळीत डोकावून पाहिलं. साधा आरसा! ते हळूच बायकोकडे वळले. "अगं, तू काचा धुवायचीस त्या कशा?"

"कशा म्हणजे? वरची आधी धुवायची, पिंपावर ठेवायची. मग खालची धुवायची, ती तिच्यावर ठेवायची."

"रोज?"

"रोज म्हणजे रोज! एक दिवस चुकवला नाही हो."

म्हणजे आज खोलगट केलेली काच उद्या खाली, आणि उद्या फुगीर होऊन परवा पुन्हा वर! आज पोखरायचं, उद्या भरून काढायचं. इतके महिने प्रदक्षिणा घालून हेडक्लार्कांनी दोन सपाट काचांच्या दोन सपाट काचा केल्या होत्या. सासरे हसता हसता पाण्याच्या टाकीला टेकले, डोळे पुसले आणि जावयाच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ द्या जावईबापू," ते म्हणाले. तीच ती माया!

दुसऱ्या दिवशी तो आरसा बाहेरच्या खोलीत, पडलेल्या खुंटीच्या जागी लागला. खिळा अर्थातच सासऱ्यांनी ठोकला. दुसरी काच दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून अगदी फिट बसते. आणि घरी कोणी आलं की बायको कौतुकाने आरशाकडे बोट दाखवते, "हा ह्यांनी स्वतः केलाय बरं का, घरी! कितीतरी महिने घासत होते."

पाहुणे आरशात बघतात, मग हेडक्लार्कांकडे बघतात, आणि आवाज खाली आणून तिला विचारतात, "आता बरं आहे ना त्यांना?"