तिसऱ्या सिलिंडराचे बंड आणि लाल ठिपका

गॅरेजाचे दौलतीत जे घडले ते पदरचे न घालिता लिहून ठेविले. वाचणाराने ग्रीसचे हात पुसून मग पान उलटावे.

मामासाहेबांची तांबडी स्पोर्ट्स कार, चार सिलिंडरांची, वाऱ्यास मागे टाकणारी, ती एके सकाळी खोकत, थरथरत दारी आली. चौघां सरदारांपैकी एक फितूर, कामच करीना. गॅरेजाचे धनी आबा मिस्त्री यांनी लेकीस फर्मान दिधले की, बारापावेतो कारण सापडले तर गॅरेजाच्या किल्ल्या तुझ्या. न सापडले तर आम्ही इंजिन खोलू आणि किल्ल्या आमच्याच खिळ्यावर राहतील. ताईसाहेब सात वर्षे या शब्दाची वाट पाहात होत्या.

मग स्कॅनर लाविला. त्याने तिसऱ्याचे नाव घेतले. परंतु नाव कळल्याने कारण कळत नाही. सबब ताईंनी ठिणगीस वीज देणारी तिसऱ्याची कॉइल काढिली आणि तिच्या आत बुडणाऱ्या दांड्यावर नखांच्या लाल रंगाचा ठिपका दिधला, कारण वरची खूण आबांचे फडक्यापुढे टिकत नसे. मग ती दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर चढविली. बंड दुसऱ्याकडे गेले तर कॉइल गुन्हेगार, तिसऱ्यातच राहिले तर निर्दोष, ऐसा न्याय मुक्रर जाहला.

इतक्यात मामासाहेबांचा फोन आला आणि ताई बाहेर गेल्या. परतून इंजिन चालू केले तो बंड तिसऱ्यातच. कॉइल सन्मानाने सुटली. मग वायरी तपासल्या, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरास कान लाविला, पेट्रोलचा दाब मोजिला, आणि सारेच इमानी निघाले. बारा वाजले. आबांनी बाह्या सरसावल्या.

"इंजिनच गेलंय, पोरी. माझे कान सांगतात."

मग इंजिन खोलण्यास आरंभ म्हणोन ताईंनी जड हाताने तिसऱ्याची कॉइल उपसली, तो दांड्यावर लाल ठिपका.

"आबा, मी फोनवर असताना इथं हात कोणी लावला?"

"हात कसला? दोन कॉइल अदलाबदल करून ठेवल्या होत्यास, मी बघत होतो की तिकडून. लावल्या जागच्या जागी. लहानपणापासून सांगतोय, वस्तू जिथली तिथं ठेवावी."

ताईंनी तो लाल ठिपका आबांचे नाकासमोर धरिला. मग हुकूम जाहला की, आबांनी स्टुलावर बसावे आणि चहाचा कप दोहों हातांनी धरावा. पुन्हा बदली केली. बंड दुसऱ्याकडे पळाले. नवी कॉइल बसविली आणि तांबडी मांजरासारखी गुरगुरू लागली.

घड्याळात एकास दहा कमी होते.

"वेळ गेली, आबा."

"गेली, ती माझ्यापायी," ऐसे बोलून आबांनी किल्ल्या लेकीचे हाती दिधल्या, दोन पावले गेले, माघारी आले, आणि सवयीने त्या घेऊन आपल्या खिळ्यावर अडकविल्या.

मग ताईसाहेबांनी तो खिळा उपटिला, आपले टेबलापाशी ठोकिला आणि किल्ल्या तेथे लाविल्या. आबा भिंतीवरील रिकाम्या भोकाकडे बघत राहिले, मग टेबलावरचा हातोडा उचलून हलकेच म्हणाले, "हा कुठं ठेवायचा आता?"

ताईंनी जागा दाखविली. येणेप्रमाणे बंड मोडिले, गॅरेज ताईसाहेबांचे जाहले, आणि हातोडा जिथला तिथे गेला.