भोयेदादांचे मोठे शेठ

भोयेदादांना नाशिकच्या गाडीची वेळ विचारू नये. जव्हारच्या एसटी स्टँडवर ते रोज सकाळी बाकावर बसलेले असतात. वेळापत्रक त्यांना तोंडपाठ आहे, म्हणून नवखा माणूस हमखास फसतो. दादा आधी त्याला शेजारी नीट बसवून घेतात, घसा साफ करतात आणि म्हणतात, "आपली कंपनी सुरू झाली ती एका शिसवी टेबलावर. त्या टेबलाला चौथा पायच नव्हता. तिथं मोठे शेठ आपला गुडघा लावून बसायचे." गाडी येते. गाडी जाते. शेठ अजून रंगूनला पळालेल्या भागीदाराच्या मागे असतात.

ही "आपली कंपनी" म्हणजे लोकांचे पैसे गुंतवणारी, मोठ्या शेठनी काढलेली मुंबईची एक जुनी कंपनी. नाव सांगत नाही. त्यांचे वकील तरुण आहेत आणि मी म्हातारी. बाजारपेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर तिचं जव्हारचं ऑफिस होतं. दादा तिथले प्रतिनिधी आणि मी टायपिस्ट. ऑफिस बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, पण गाव दादांना अजून "कंपनी"च म्हणतं. "कंपनीला ताप आलाय." "कंपनी गेली मोखाड्याला, बहिणीकडं." दादांनी लग्न केलं नाही. घरी कोंबड्या आहेत, त्यांनाही इतिहास पाठ असावा.

तेव्हाची मी सांगण्यासारखी होते. नाशिकहून टायपिंगचं सर्टिफिकेट आणलेलं, त्याला काचेची चौकट केलेली. खुर्चीवर उशी. बोलणं असं, की पुण्याचं माणूस कानकोंडं व्हावं. आपण या डोंगरात तात्पुरत्या आलो आहोत, एक दिवस हेड ऑफिसची गाडी येईल आणि आपल्याला घेऊन जाईल, असं मला मनापासून वाटायचं. गाडी आली, ती ऑफिसचा पंखा आणि टाइपरायटर घेऊन गेली. मला विचारलंसुद्धा नाही.

दादा बोलायला बसले की माडीवर माणसं जमत. आश्रमशाळेचे मास्तर, कंडक्टर, बाजाराला आलेल्या बाया. पैसे गुंतवायला नव्हे, कथा ऐकायला. लढाईच्या काळात कंपनी बुडणार अशी आवई उठते आणि शेठ दाराशी खुर्ची टाकून बसतात, "घ्या, ज्याचं त्यानं घेऊन जा," हा प्रसंग आला की बाया पदर तोंडाला लावत. मग एखादा मास्तर विचारी, "पण दादा, बाजार पडला तर?"

"राब कधी केला नाय का?" दादा म्हणत. "भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजतोस ना? पालापाचोळा, शेण, सगळं जाळतोस. तेव्हा रडतोस का? मंदी म्हंजे राब. आधी जळतं, मग रुजतं."

मास्तर सही करून जाई. मुंबईहून आलेली रंगीत पत्रकं मी तोंडावर वारा घ्यायला वापरत असे. लोकांनी कंपनीवर विश्वास ठेवला नव्हता, दादांवर ठेवला होता. हे दादांना कधी कळलं नाही. कंपनीला तर नाहीच नाही.

त्यांची आयुष्याची इच्छा एकच होती: कंपनीच्या इतिहासात जव्हार यावं. दर काही वर्षांनी मुंबईहून कंपनीच्या इतिहासाचं गुळगुळीत पुस्तक येई. दादा ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवत वाचत. त्यात सुरत असे, रंगून असे, शेठच्या घोड्याचं नावसुद्धा असे. जव्हार नसे. दादा पुस्तक मिटून म्हणत, "छापताना राहिलं असंल. पुढच्या खेपेला येईल." मला हसू आवरत नसे. आता आवरतं.

एकदा त्यांनी काय केलं, शेठचा मुखवटाच करून घेतला. आमच्याकडे बोहाडा होतो. देवादिकांची आणि राक्षसांची सोंगं मुखवटे चढवून संबळाच्या ठेक्यावर एकेक करून नाचत येतात. मुखवटा तोंडावर असेपर्यंत आतल्या माणसाला कोणी नावानं हाक मारत नाही. तो तेव्हा लक्ष्या सुतार नसतो, नरसिंह असतो. तर दादांनी काळी टोपी, झुबकेदार मिशा आणि चष्मा असलेला मुखवटा मोखाड्याच्या बाजूच्या एका गावच्या जाणत्यांपुढे नेऊन ठेवला.

"हा कोणाला मारतो?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"मारत नाय कोणाला."

"मंग याला कोण मारतो?"

"कोणीच नाय. हा टिकतो."

म्हाताऱ्यानं मुखवटा उलटापालटा करून पाहिला. "नुस्तं टिकून सोंग होत नाय, दादा. नाचाय लागतं."

मुखवटा परत आला. तो आता दादांच्या घरात नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, कणगीवर टांगलेला आहे. उंदीर भितात म्हणे. ऑफिसची पत्र्याची पाटी त्यांनी खुराड्यावर टाकली आहे. कंपनीचं छत्र शेवटी कोणाला मिळालं असेल, तर ते कोंबड्यांना.

मी हे सगळं हसत सांगते, पण "टिकतो" या शब्दाची गोम मला फार उशिरा कळली. या डोंगरात वरून जे येतं ते परत जातं. योजना येते, जीप येते, साहेब येतो, फोटो निघतो आणि धुरळा खाली बसतो. ते वाईट साल आलं, वावर गावाकडची पोरं अन्नावाचून गेली, तेव्हा तर जीपगाड्यांची रांग लागली होती. त्या सालात मी काय करत होते? फरशीला फिनेल लावत होते.

त्याच पावसातली एक सकाळ. दादा मांड्यांपर्यंत चिखलात भरून माडी चढून आले. डोकं उघडं होतं. एरवी ते पांढऱ्या टोपीशिवाय ऑफिसात पाऊल टाकत नसत. "कंपनीचं काम उघड्या डोक्यानं करायचं नाय," हा त्यांचाच नियम. मी काय म्हणाले असेन? "दादा, अहो आत्ताच पुसलंय!" ते मुकाट्यानं खाली गेले, नळावर पाय धुतले, वर येऊन बसले. त्यानंतर टोपी त्यांच्या डोक्यावर कधी दिसली नाही.

आणि थोड्याच दिवसांनी इतिहासात एक नवा अध्याय आला. मोठे शेठ जव्हारला येतात. पायी वावरला जातात. एका खोपटात तापानं फणफणलेली पोर असते. शेठ तिला खांद्यावर घेतात, पाऊस लागू नये म्हणून आपली टोपी तिच्या डोक्यावर घालतात आणि ओहोळ तुडवत जव्हारच्या दवाखान्यात आणतात. पोर डोळे उघडते आणि पेज मागते.

 एक बाई डोळे पुसत होती. तेव्हा आमच्या सर्टिफिकेटवाल्या सत्यवादी बाई उशीवरून उठल्या. "काहीतरीच! शेठ माझ्या जन्माआधीच वारलेत!"

दादांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "मंग तुम्हाला कसं ठावं, बाय, ते आले नव्हते म्हणून?"



गेल्या वर्षी कंपनीची शंभरी भरली. कंपनीनं आपल्या इतिहासाची फिल्म काढायची ठरवली आणि मुंबईहून पोरं आली. मोठी गाडी, छत्र्या, कॅमेरे. दादांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला बळंच साक्षीदार म्हणून नेलं. पोरांना आधी तारप्याचा नाच हवा होता. तारपा आला, नाचणारे आले. एक मुलगी दादांना म्हणाली, "काका, तुम्ही पण उभे राहा ना रांगेत." दादा उभे राहिले. ते आयुष्यात कधी नाचले नव्हते.

मग त्यांनी घसा साफ केला. "आपली कंपनी सुरू झाली ती एका शिसवी टेबलावर..."

"काका, टेबल आहे आमच्याकडे," मुलगी म्हणाली. "इथलं काहीतरी द्या ना. थोडं इमोशनल."

 मग दादांनी वावरची गोष्ट सांगितली. ओहोळ, टोपी, पेज, सगळी. शेवटी म्हणाले, "ती पोर आता लेकुरवाळी हाय." मुलीचे डोळे भरून आले. मी तोंड उघडणार, तोच दादांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी चक्क गप्प बसले. म्हातारपणाचा एवढा एकच फायदा, गुडघे गेले की जीभही जरा बसते.

फिल्म माझ्या मोबाईलवर आली. दुपारी दादांना बोलावून घेतलं, अंगणात चिंचेखाली खुर्च्या टाकल्या, चहा केला.

टेबल आलं. गुडघा आला. रंगून आलं. आणि मग पडद्यावर अक्षरं उमटली: जव्हार. नळीचा पाऊस पडायला लागला आणि एक गोरापान नट काळी टोपी पोरीच्या डोक्यावर घालून ओहोळ ओलांडू लागला. पोरीनं डोळे उघडले. पेजेची वाटी आली. मागून भारदस्त आवाज म्हणाला, डोंगरातल्या माणसांशी आमचं नातं असं जुनं आहे. मग तारप्याची रांग दिसली. रांगेच्या टोकाला, चुकीचा पाय पुढे टाकत, दादा. पापणी लवेपर्यंत. नाव नाही, आवाज नाही.

माझं डोकं तडकलं. "नातं? त्या सालात यांनी तांदळाचं एक पोतं तरी धाडलं होतं का? आणि टोपी काळी कुठून आली? ती टोपी पांढरी होती, दादा. तुमची होती. इतकं कळत नाही का मला? तुम्ही गेला होतात. सांगा त्यांना! मी आत्ता फोन लावते."

दादा पडद्याकडेच पाहत होते. चेहऱ्यावर असा उजेड, जणू शेठनं स्वतः येऊन पाठीवर हात ठेवला होता.

"आलं ना जव्हार," ते म्हणाले.

"तुमचं नाव नाही आलं!"

"माझं नाव घालून काय करू, बाय?" त्यांनी मोबाईल हळूच माझ्या हातातून घेतला. "माझ्या खांद्यावर ती अर्ध्या वाटेवरच्या जामसरपर्यंतबी पोचली नाय. टोपी तिच्याबरोबर गेली, मातीत. तिची आय मला म्हनली, दादा, तू थकला असशील, बस जरा." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "मी सांगतो त्यात ती मरते. शेठ नेतात तेव्हा पोचते. मंग कोणाची सांगू?"

चिंचेवर एक कावळा उगाच ओरडत होता. मी फोन लावला नाही.

"परत लाव, बाय," ते म्हणाले. "सगळी नको. ती डोळे उघडते तिथून."

मी लावली. संपली की त्यांचं बोट पडद्याकडे जाई, मी पुन्हा लावी. कणगीवरचा तो मुखवटा त्यांच्या घरी असायचा तिथेच होता, पण दादांच्या तोंडावर मला चष्मा दिसत होता, झुबकेदार मिशा दिसत होत्या, आणि खांद्यावर काहीतरी जपून धरल्यासारखा त्यांचा डावा हात वर आला होता.

चहा निवत चालला होता. "दादा" म्हणून हाक मारायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सोंग अजून अंगणात होतं.